मेणबत्तीवर चालणारा पहिला एंडोस्कोप आणि व्हिएन्नातल्या दोन कमिट्या: एक प्रकरण अभ्यास

एंडोस्कोपीच्या इतिहासात फिलिप बोझिनीचं नाव पहिल्या पानावर असतं आणि त्याची गोष्ट सांगतात ती साधारण अशी, की एका तरुण डॉक्टरने शरीराच्या आत बघायचं यंत्र बनवलं, व्हिएन्नातल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांनी त्याची चेष्टा केली, यंत्र कपाटात गेलं आणि बिचारा तरुणपणीच वारला. ऐकायला गोष्ट चांगली आहे पण अर्धवट आहे. व्हिएन्नात त्या यंत्राची तपासणी दोनदा झाली, दोन वेगळ्या संस्थांनी केली, आणि पहिल्या संस्थेचं मत चक्क चांगलं होतं. एकच यंत्र, शहरही एकच, मधे काही महिने, आणि निकाल उलटे. मला या प्रकरणात खरा रस इथे आहे आणि म्हणून ही केस जरा सविस्तर लिहितोय.

मी स्वतः हॉस्पिटलच्या स्कोपचं, म्हणजे एंडोस्कोपचं, सर्व्हिसिंग-रिपेअरिंग करतो, डॉक्टर नाहीये. त्यामुळे माझं लक्ष साहजिकच उजेड कुठून येतो, कुठे वाया जातो आणि डोळ्यापर्यंत किती पोचतो याच्यावर जास्त आहे. आणि मला वाटतं या केसची खरी गाठ तिथेच आहे, माणसांच्या भांडणात ती थोडीच आहे.

माणूस आणि काळ

बोझिनीचा जन्म 25 मे 1773 चा, जर्मनीतल्या माइन्त्सचा. वडील इटालियन, एका द्वंद्वयुद्धाच्या भानगडीनंतर इटली सोडून तिकडे आलेले व्यापारी. पोराने माइन्त्स आणि येना इथे मेडिकल केलं. तो काळ फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या लढायांचा, माइन्त्स तर ऱ्हाइन नदीच्या अगदी काठावर, म्हणजे सैन्य येणार-जाणार ते तिथूनच. बोझिनीने 120 खाटांचं एक लष्करी हॉस्पिटल सांभाळलं आणि त्या कामामुळे ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक कार्ल, म्हणजे सम्राटाचा सख्खा भाऊ आणि सेनापती, याच्या नजरेत तो भरला. ही ओळख पुढे फार महत्त्वाची ठरते.

1801 च्या तहात ऱ्हाइनचा डावा काठ फ्रान्सला गेला, माइन्त्स फ्रेंच झालं. बोझिनी 1803 मध्ये फ्रँकफुर्टला आला. नवीन गाव, प्रॅक्टिस शून्यापासून, घरात बायको-मुलं. आणि या सगळ्यातनं वेळ काढून हा माणूस चित्रं काढायचा, उडण्याच्या यंत्राचा विचार करायचा आणि एका चमत्कारिक कंदिलावर काम करायचा. चित्रकलेचा हात चांगला होता हे त्याच्या यंत्राच्या ड्रॉइंगमध्ये दिसतं. प्रत्येक नळी वेगळी काढलीये, आतला आरसा कुठे, पडदा कुठे, सगळं नीट. वर्कशॉपमधल्या कारागिराच्या हातात तो कागद दिला तर त्याला फार प्रश्न विचारावे लागणार नाहीत इतकं ते स्वच्छ आहे.

तेव्हा डॉक्टरला काय दिसत होतं

हे आधी समजून घेतलं पाहिजे, नाहीतर यंत्राची किंमत कळत नाही. 1800 च्या आसपास जिवंत माणसाच्या आत बघायचं म्हणजे तोंड उघडून बघायचं, गुदद्वार किंवा योनी स्पेक्युलमने, म्हणजे तोंड फाकवून धरायच्या अवजाराने, उघडून बघायचं, आणि तेही खिडकीच्या उजेडात. स्पेक्युलम काही नवीन नव्हतं, रोमन काळातली पाँपेईला सापडलीत. आपल्याकडे सुश्रुताने तर 101 यंत्रं सांगितलीत आणि त्यात नळीसारखी नाडीयंत्रंच 20 आहेत, त्यातली काही आत बघण्यासाठीच. म्हणजे नळी माणसाकडे हजारो वर्षं होती. नळीच्या टोकाला उजेड नव्हता.

मूत्राशयातल्या खड्याचं उदाहरण घ्या. मुतखड्याचा संशय आला की सर्जन मूत्रमार्गातनं धातूची वाकडी सळई आत सरकवायचा आणि हळूहळू फिरवायचा. सळई खड्यावर लागली की हाताला बारीकसा धक्का कळायचा, कधी कधी टक् असा आवाजही यायचा. त्या एका टक् वर माणसाला बांधून, भूल न देता, चिरून खडा काढायचा की नाही ते ठरायचं. खडा एखाद्या खळग्यात बसला असेल तर सळईला लागायचाच नाही, आणि उलट बाजूने मूत्राशयाची जाड झालेली भिंत खड्यासारखी लागू शकायची. इतका मोठा निर्णय आणि पुरावा काय, तर हाताला काय जाणवलं ते.

बोझिनीला नेमकं हेच खुपत होतं. त्याने लिहिलंय त्याचा आशय असा, की ज्या ऑपरेशनमध्ये आज नशीब आणि अंदाज यांच्यावर भिस्त ठेवावी लागते ती उद्या नजरेखाली होतील, सर्जनचा हात डोळ्याच्या सांगण्याप्रमाणे चालेल. 1806-07 मध्ये हे लिहिणं म्हणजे खरोखर कमाल आहे. त्याला नुसतं आत डोकवायचं नव्हतं, बघता बघता काम करायचं होतं. आज ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) मॉनिटरकडे बघून चालणारी सगळी सर्जरी याच वाक्यात बसते.

यंत्र कसं होतं

त्याने नाव ठेवलं लिख्टलायटर, म्हणजे प्रकाश वाहून नेणारं. दिसायला फुलदाणीसारखा उभा धातूचा डबा, उंची साधारण 35 सेंटीमीटर, वरून चामडं लावलेलं, डोक्यावर धूर आणि गरम हवा जायला वाट. आत मेणाची मेणबत्ती. मेणबत्ती जळत गेली की बुटकी होते आणि ज्योत खाली जाते, मग उजेड नळीच्या तोंडापुढून हलणार. म्हणून मेणबत्ती स्प्रिंगवर बसवलेली, जळेल तशी ती वर ढकलली जाते आणि ज्योत त्याच उंचीवर राहते. मला हा भाग फार आवडतो, कारण ज्याने यंत्र फक्त कागदावर आखलंय त्याला हे सुचत नाही, ज्याने ते पेटवून हातात धरून बघितलंय त्यालाच सुचतं.

आता मुख्य गोष्ट. एकाच अरुंद नळीतनं उजेड आत पाठवायचा आणि त्याच नळीतनं चित्र बाहेर आणायचं, हे दिसतं तितकं सोपं नाही. डोळ्याच्या आणि नळीच्या मधे ज्योत आली तर डोळे दिपतात आणि आतलं काहीच दिसत नाही. बोझिनीने डब्यात उभा पडदा घालून दोन वाटा वेगळ्या केल्या. एका बाजूला ज्योत, तिचा उजेड अंतर्गोल आरशाने नळीकडे वळवलेला. दुसऱ्या बाजूला बघायची वाट, मागे डोळा लावायचं भोक आणि समोर नळी, मधे ज्योत आडवी येत नाही. डोळ्याला थेट ज्योत दिसत नाही, फक्त आतून परतून आलेला उजेड दिसतो. समोरच्या तोंडाला वेगवेगळ्या जाडीच्या नळ्या बसवता यायच्या, मूत्रमार्गासाठी बारीक, गुदाशयासाठी आणि योनीसाठी मोठ्या. घशासाठी तर टोकाला तिरका आरसा असलेली नळी होती, पडजिभेच्या मागे कोपऱ्यात बघता यावं म्हणून, आणि त्या नळीतही उजेड जायची वाट वेगळी, नजर यायची वाट वेगळी.

ही दोन वाटांची कल्पना आजही तशीच आहे. कुठलाही रिजिड टेलिस्कोप, म्हणजे न वाकणारा स्कोप घ्या, सायनसचा किंवा गुडघ्याचा, मधे लेन्सची रांग असते आणि तिच्या भोवती उजेडाचे फायबर, म्हणजे उजेड नेणारे काचेचे बारीक तंतू. चित्राची वाट मधे, उजेडाची वाट कडेने. टोकाला ते सील फुटून उजेड लेन्समध्ये शिरला की चित्र पांढरट धुरकट होतं आणि सर्जनचा फोन येतो. म्हणजे बोझिनीने जी अडचण ओळखली ती खरी होती आणि उत्तरही खरं होतं.

लेन्स मात्र त्याच्या यंत्रात नव्हती. एकही नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

व्हिएन्ना, फेरी पहिली

1806 मध्ये बोझिनीचा लेख हुफेलांडच्या मेडिकल जर्नलमध्ये आला, तेव्हाचं ते जर्मन भाषेतलं मोठं जर्नल. 1807 मध्ये वायमारहून चित्रांसकट पुस्तक निघालं. त्याच दरम्यान त्याने जुनी ओळख वापरून आर्चड्यूक कार्लपर्यंत यंत्र पोचवलं आणि कार्लने ते तपासायला लावलं व्हिएन्नातल्या जोसेफ अकॅडमीत.

ही अकॅडमी म्हणजे सम्राट दुसऱ्या जोसेफने 1785 मध्ये काढलेली लष्करी सर्जनांची शाळा. इथली माणसं हाताने काम करणारी. गोळी कुठे अडकलीये, हाडाचा तुकडा कुठे राहिलाय, जखमेच्या तळाशी काय आहे, हे त्यांचे रोजचे प्रश्न. आणि वर्ष बघा, 1806. डिसेंबर 1805 मध्ये ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रियाचा सपाटून पराभव झालेला, फ्रेंच सैन्य व्हिएन्नात येऊन गेलेलं, आर्चड्यूक कार्ल सगळं सैन्य नव्याने उभं करायच्या मागे. अशा वेळी जखमी सैनिकाच्या आत बघता येईल असं यंत्र कोणी आणलं तर लष्करी सर्जन ते हातात घेऊन बघणारच.

डिसेंबर 1806 मध्ये त्यांनी ते मृतदेहांवर वापरून बघितलं. मत अनुकूल झालं, वापरता येण्यासारखं आहे, असं असं सुधारा अशा धर्तीचं. मला हा रिपोर्टिंगचा प्रकार बरोबर वाटतो. नवीन यंत्र हातात आलं की ते पहिल्याच दिवशी परफेक्ट नसतंच, बघायचं असतं ते हे की त्याचा पाया बरोबर आहे का आणि जे चुकतंय ते दुरुस्त होण्यासारखं आहे का.

फेरी दुसरी

मग प्रकरण गेलं व्हिएन्ना विद्यापीठाच्या मेडिकल फॅकल्टीकडे. फॅकल्टीवर तेव्हा जोझेफ अँड्रेआस श्टिफ्टचं वजन होतं, हा सम्राट फ्रान्झचा खासगी डॉक्टर आणि राज्याच्या वैद्यकीय कारभारातला मोठा माणूस, नव्या गोष्टींबद्दल फारसा उत्साह नसलेला. फॅकल्टी आणि लष्करी अकॅडमी यांच्यात आधीपासूनच चढाओढ होती. एकीकडे लॅटिन शिकलेले फिजिशियन आणि दुसरीकडे लष्कराचे सर्जन, कोणाचा मान जास्त आणि कोणाची पदवी खरी हा जुना वाद. अकॅडमीने जे उचलून धरलंय ते फॅकल्टीपुढे येणं म्हणजे सुरुवातच वाकडी.

निकाल विरोधात गेला. आक्षेप साधारण तीन होते: दिसणारा भाग फार लहान, उजेड अपुरा, पेशंटला त्रास होतो, म्हणजे एवढं करून हाती लागतं ते थोडं. यंत्र तिथेच थांबलं.

इथे बहुतेक लोक श्टिफ्टला खलनायक करून पुढे जातात. मला ते पटत नाही. राजकारण होतंच, नाही कोण म्हणतंय, पण आक्षेप खोटे होते का ते आधी बघू. मी नेहमीची भूमिती घेऊन हिशोब करून बघितला, आकडे माझे अंदाजाचे आहेत, बोझिनीच्या नळीची नेमकी मापं नाहीत.

समजा मूत्रमार्गातली नळी आतून 6 मिलिमीटरची आणि 20 सेंटीमीटर लांब आहे, आणि ज्योत नळीच्या तोंडापासून 5 सेंटीमीटरवर आहे. मेणबत्तीचा उजेड चारी दिशांना पसरतो. 5 सेंटीमीटरवर त्या गोलाचं क्षेत्रफळ 314 चौरस सेंटीमीटर होतं आणि नळीचं तोंड जेमतेम 0.28. म्हणजे साधारण अकराशेतला एक भाग नळीत शिरतो. त्यातला बराचसा नळीच्या भिंतीवर आपटतो, सरळ पलीकडच्या टोकाला पोचणारा उजेड धरला तर 28,000 मध्ये एक भाग. आरशाने आणि आतून चकचकीत केलेल्या नळीने हे बरंच सुधारतं, मान्य, पण मुळात हातात आहे एक मेणबत्ती. आणि हा फक्त जाण्याचा हिशोब झाला. तो उजेड ओल्या लालसर अस्तरावर पडणार, तिथे निम्म्याहून जास्त शोषला जाणार, उरलेला सगळीकडे पसरणार आणि त्यातला चिमूटभर परत त्याच नळीतनं डोळ्यात येणार. मधे रक्ताचा एक थेंब आला किंवा लघवीचा थर साचला की संपलं.

आता दिसणारा भाग. लेन्स नसेल तर सरळ नळीतनं दिसतं ते नळीच्या तोंडाएवढं वर्तुळ, त्याहून फार मोठं नाही, बंद दाराच्या किल्लीच्या भोकातून खोली बघितल्यासारखं. मूत्राशयात 200 मिलिलिटर पाणी असेल आणि तो गोल धरला तर आतलं अस्तर साधारण 165 चौरस सेंटीमीटर भरतं. 6 मिलिमीटरच्या वर्तुळात त्याचा जवळपास सहाशेवा भाग दिसणार. नळी इकडे तिकडे करून जास्त बघा म्हणाल तर ती नळी एका जाग्या माणसाच्या मूत्रमार्गात आहे. ईथरची भूल 1846 ची, कोकेनने जागा बधिर करायची युक्ती 1884 ची. आणि ज्योत उभीच राहिली पाहिजे, डबा तिरका केला की मेण सांडणार, काच-आरसा काळा होणार, म्हणजे यंत्र पेशंटप्रमाणे वळवता येत नाही, पेशंटलाच यंत्राप्रमाणे झोपवायला लागणार.

म्हणून फॅकल्टीचे तिन्ही आक्षेप त्या दिवसापुरते खरे होते. गुदाशयात किंवा योनीत, जिथे नळी जाड आणि आखूड असते, तिथे उजेड कितीतरी पट जास्त पोचतो, हे याच हिशोबात दिसतं. 3 सेंटीमीटर तोंडाची आणि 10 सेंटीमीटर लांब नळी घेतली तर थेट पोचणारा उजेड वर्तुळाच्या क्षेत्रफळामुळे 25 पट आणि अंतर कमी झाल्याने अजून जवळपास 3 पट वाढतो. तेव्हा जाड नळीने बघणाऱ्याला यंत्र आशा लावणारं वाटेल आणि बारीक नळीवर अडकलेल्याला ते निकामी वाटेल, यात नवल काहीच नाही, आणि दोघांनाही खोटं बोलावं लागत नाही.

मग चुकलं कुठे

माझ्या मते फॅकल्टीने दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले. एक, हे यंत्र आज, याच मेणबत्तीसकट, पेशंटवर वापरायच्या लायकीचं आहे का. याचं उत्तर बऱ्याच जागी नाही असंच येणार होतं आणि तसं सांगणं त्यांचं कामच होतं, पेशंटला उगीच त्रास नको हे कोणीही मान्य करेल. दोन, डोळ्याची वाट आणि उजेडाची वाट वेगळी करून आत बघायची ही पद्धत बरोबर आहे का. याचं उत्तर हो होतं, स्वच्छ हो. पहिल्याच्या नकारात दुसरा होकार बुडाला. त्यांच्या तक्रारी नीट वाचल्या तर, पेशंटच्या त्रासाची सोडून, त्या सगळ्या दिव्याबद्दल आणि लेन्स नसण्याबद्दल आहेत, बोझिनीच्या मूळ रचनेबद्दल एकही नाही. एवढं जर रिपोर्टमध्ये वेगळं काढून लिहिलं असतं, की रचना ठेवा, दिवा बदला, तर पुढच्या माणसाला कुठून सुरू करायचं ते कळलं असतं.

हे मी लिहितोय कारण आमच्या धंद्यात हा घोळ अजूनही होतो. स्कोप येतो, चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘स्कोप खराब, चित्र अंधारं’. पहिलं काम काय, तर लाइट केबल काढायची, एक टोक ट्यूबलाइटकडे धरायचं आणि दुसऱ्या टोकात बघायचं. तुटलेला प्रत्येक फायबर काळा ठिपका दिसतो. पाव-अर्धा भाग काळा दिसला की कळतं स्कोपला काहीही झालेलं नाहीये, उजेडच पोचत नव्हता. केबल बदलली की तोच स्कोप पुन्हा लखलखीत. बोझिनीच्या यंत्राला चिठ्ठी लागली ‘खराब’ म्हणून, आणि केबल कोणी तपासली नाही. अर्थात तेव्हा बदलून लावायला दुसरा दिवा बाजारात नव्हता हेही तितकंच खरं, म्हणून फॅकल्टीला मी पूर्ण दोष देत नाही.

बोझिनीकडूनही एक गोष्ट राहिली असं मला वाटतं. त्याने एकाच यंत्रात सगळं मांडलं, घसा, गुदाशय, योनी, मूत्रमार्ग, सगळ्या नळ्या एकाच कंदिलाला. जिथे यंत्र चांगलं चालत होतं तेवढ्याच दोन जागा घेऊन तो आला असता तर मूत्रमार्गाच्या अंधाराचं ओझं बाकीच्यांवर पडलं नसतं. पण तो एकटा होता, प्रॅक्टिस नवी, पैसे कमी, आणि त्याला पूर्ण कल्पना एकदम दाखवायची होती. कळतं ते.

पुढे काय झालं

त्याला दुसरी संधी मिळालीच नाही. फ्रँकफुर्टमध्ये तापाची साथ होती, पेशंट बघता बघता त्याला टायफसने गाठलं आणि एप्रिल 1809 मध्ये तो गेला. वय 35. मागे बायको आणि तीन मुलं. पुढच्याच महिन्यात नेपोलियनने व्हिएन्ना पुन्हा घेतलं, जुलैमध्ये वाग्रामला आर्चड्यूक कार्ल हरला आणि सेनापतिपदावरून बाजूला झाला. यंत्र बनवणारा नाही, पाठीराखा नाही. वाद घालायलाच कोणी उरलं नाही, आणि मला वाटतं यंत्र विसरलं जाण्यात फॅकल्टीच्या निकालाइतकाच याचाही हात आहे.

त्यानंतरची गोष्ट म्हणजे दिव्याचीच गोष्ट. पॅरिसमध्ये देसोर्मोने 1853 मध्ये आपलं यंत्र मांडलं, एंडोस्कोप हे नाव त्याचंच. त्याने मेणबत्ती टाकून अल्कोहोल आणि टर्पेंटाइनच्या मिश्रणाचा दिवा घेतला, उजेड लेन्सने गोळा केला, आणि मधे भोक असलेल्या तिरक्या आरशाने आत पाठवला. जास्त उजेड, पण जास्त उष्णताही, आणि ज्योत आहे तोवर यंत्र उभंच धरायचं ही कटकट तशीच. डब्लिनच्या फ्रान्सिस क्रूझने 1865 मध्ये पेट्रोलियममध्ये कापूर विरघळवून ज्योत अजून प्रखर केली. 1868 मध्ये फ्रायबुर्गला कुसमाउलने तलवार गिळणाऱ्या एका खेळकऱ्याच्या पोटापर्यंत सरळ नळी घातली, नळी गेली, माणसाला काही झालं नाही, आणि आत बघितलं तर देसोर्मोच्या दिव्याचा उजेड तिथवर पुरेना. साठ वर्षं झाली तरी तीच तक्रार. तोवर प्रत्येकाने बाहेरची ज्योत मोठी केली आणि प्रत्येकाला नळीच्या त्याच हिशोबाने अडवलं.

हिशोब मोडला तो मॅक्स निट्झेने. त्याने दिवा बाहेर ठेवलाच नाही, नळीच्या टोकाला आत नेला. प्लॅटिनमची तार विजेने तापवून लाल-पांढरी करायची, ती भाजू नये म्हणून भोवती थंड पाणी खेळवायचं. ब्रेस्लाउच्या ब्रुक नावाच्या दातांच्या डॉक्टरने 1867 मध्ये तोंडात उजेड पाडायला ही तार वापरली होती. आणि दुसरं, निट्झेने नळीत लेन्स बसवल्या, त्यामुळे नळीच्या तोंडाएवढ्या वर्तुळाऐवजी मूत्राशयाचा मोठा भाग एका नजरेत आला. 1877 मध्ये त्याने ड्रेस्डेनला पहिलं यंत्र दाखवलं आणि सुधारलेलं यंत्र 1879 मध्ये जोझेफ लाइटर या यंत्रकाराच्या मदतीने मांडलं, तेही व्हिएन्नातच. फॅकल्टीचे 1807 चे दोन आक्षेप, उजेड आणि दिसणारा भाग, बरोबर या दोन बदलांनी मिटले. तिसरा, त्रासाचा, कोकेनने पुष्कळ कमी केला, आणि डोळ्यावर कोकेन वापरून ते जगापुढे आणणारा कार्ल कोलरही व्हिएन्नाच्याच हॉस्पिटलात होता. 1887 च्या सुमारास एडिसनच्या दिव्याची चिमुकली आवृत्ती टोकाला बसली, थंड पाण्याची भानगड गेली आणि सिस्टोस्कोप, म्हणजे मूत्राशयात बघायचा स्कोप, कुठल्याही यूरॉलॉजिस्टला (मूत्रविकाराच्या डॉक्टरला) परवडेल, वापरता येईल असा झाला.

त्यानंतर गंमत म्हणजे दिवा पुन्हा शरीराबाहेर आला. 1950-60 च्या दशकात काचेच्या फायबरमुळे बाहेरचा प्रखर उजेड न तापता आत नेता यायला लागला, आणि इंग्लंडच्या हॉपकिन्सने काचेच्या लांब दांड्यांची लेन्स-रांग काढली ती आजही बहुतेक रिजिड स्कोपमध्ये आहे. म्हणजे उजेडाचा उगम बाहेर, वाट वेगळी, नजरेची वाट वेगळी, अगदी बोझिनीच्या ड्रॉइंगसारखी रचना, फक्त आता उजेड वाटेत सांडत नाही.

आपल्याकडचा धागा म्हणजे मुंबईचं जे.जे. हॉस्पिटल. डॉ. तेहेमटन उदवाडियांनी 1972 मध्ये तिथे जनरल सर्जरीत लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने पोटात बघणं, आणली, तेव्हा सीटी स्कॅन कुठे होता आपल्याकडे, पोट उघडून बघायचं किंवा अंदाज करायचा, 1806 च्या सर्जनसारखंच. छोट्या भोकातून दुर्बीण घालून लिव्हर, पोटातला टीबी, गाठ प्रत्यक्ष बघता येते हे त्यांनी दाखवलं, आणि 1990 मध्ये भारतातलं पहिलं दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ऑपरेशन केलं. सुरुवातीला त्यांनाही बऱ्याच सर्जनांकडून हेच ऐकायला लागलं की एवढ्याशा भोकातून काय दिसणार. फरक इतकाच की तोवर उजेडाचा प्रश्न सुटलेला होता, त्यामुळे शंका घेणाऱ्याला ओटीत बोलावून दाखवता येत होतं.

बोझिनीचं मूळ यंत्र जोसेफ अकॅडमीतच पडून राहिलं म्हणून वाचलं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते अमेरिकेत शिकागोला, अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहात गेलं आणि या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाला परत आलं. नळ्या, डबा, स्प्रिंगची मेणबत्तीची जागा, सगळं आहे.